जर्सीवरचं नाव

आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात रहस्यकथांचं कपाट देवघेवीच्या टेबलामागे आहे. वर्गणीदाराला त्यातलं पुस्तक मागून घ्यावं लागतं. दर्शनी भागातल्या काचेच्या कपाटांत चरित्रं, इतिहास, पारितोषिकं मिळालेल्या कादंबऱ्या. कारण विचारलं तर सांगतात की रहस्यकथा चोरीला जातात. ते खरंच आहे. पण जी पुस्तकं लोकांना चोरून न्यावीशी वाटतात, त्यांच्याबद्दल आपल्या मनात एवढा संकोच का, हा प्रश्न कार्यकारिणीवर आल्यापासून मला छळतो आहे.

परवा त्यातलं एक पुस्तक हातात घेतलं. पाठीला खळ लावून कापडाची पट्टी चिकटवलेली, पुठ्ठ्याचे कोपरे झिजून गोल झालेले. आतल्या पानावर तारखेचे शिक्के मारायची चिठ्ठी. ती भरली म्हणून तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी. तिन्ही चिठ्ठ्यांची जाडी बोटाला लागत होती. वाचणारे कोण म्हणून रजिस्टर काढलं. एसटीचे एक वाहक, पिठाच्या गिरणीचे मालक, निवृत्त तलाठी, शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी. यांतलं एकही माणूस मी आमच्या व्याख्यानमालेला कधी पाहिलेलं नाही.

मराठीत रहस्यकथा कमी लिहिली गेली असं नाही. बाबूराव अर्नाळकरांनी एकट्याने हजाराहून जास्त लिहिल्या. मूळचे गोव्याचे गुरुनाथ नाईकही त्याच पंगतीतले. ग्रंथकारांचं पहिलं संमेलन पुण्यात 1878 साली भरलं. तेव्हापासून आजवर अध्यक्षपदाची माळ अनेकांच्या गळ्यात पडली, पण रहस्यकथाकार हीच ज्याची ओळख अशा लेखकाच्या गळ्यात पडली नाही. ही खंत जुनी आहे आणि ती अनेकांनी बोलून दाखवली आहे. मला तिच्यापुढचं म्हणायचं आहे. रहस्यकथाकाराला मानाची खुर्ची मिळावी एवढ्यावर माझं समाधान होणार नाही. मला तो गावच्या कामात हवा आहे. त्याने आपलं नाव, वेळ, जमल्यास पैसा गावच्या वाचनालयाला, संघाला, जत्रेला लावावा. आणि वेळ आली तर तेच नाव काढूनही घ्यावं. देणं आणि काढून घेणं ही मला एकाच कर्तव्याची दोन टोकं वाटतात. त्यातलं दुसरं टोक आपण विसरलो आहोत, म्हणून हा लेख.

असं कुठे घडतं का, असं विचारणाऱ्यांना मी स्कॉटलंडकडे बोट दाखवतो. स्टर्लिंग नावाच्या लहानशा शहरात 2012 पासून गुन्हेकथांचा महोत्सव भरतो. अ‍ॅलेक्स ग्रे आणि लिन अँडरसन या दोन लेखिकांनी तो सुरू केला. किल्ल्यापासून गावाकडे मशालींची मिरवणूक निघते, तिच्या आघाडीला लेखक चालतात आणि मागे गाव. स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या लेखकांचा फुटबॉलचा सामना होतो, गावातल्या दारूच्या गुत्त्यात लेखक गाणी म्हणतात. हे सगळं छानच आहे, पण मला जास्त सांगायचं आहे ते दोन ठिकाणांबद्दल, डंडी आणि कर्कॉडी.

डंडी विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचा आणि मृतांची ओळख पटवण्याच्या शास्त्राचा नावाजलेला विभाग आहे. प्रा. स्यू ब्लॅक तेव्हा त्याच्या प्रमुख होत्या. देहदान झालेली शरीरं थील पद्धतीने जतन करायची तर नवं शवागार हवं होतं. या पद्धतीत शरीर ताठ होत नाही, सांधे हलतात, त्यामुळे शल्यविशारदांना जिवंत माणसासारखा सराव करता येतो. त्यासाठी 10 लाख पौंड कमी पडत होते. विभागाने गुन्हेकथा लिहिणाऱ्यांना साकडं घातलं. लेखक पुढे आले. वाचकांनी पैसे देऊन आपल्या आवडत्या लेखकाला मत द्यायचं आणि ज्याला जास्त मतं त्याचं नाव शवागाराला, अशी योजना ठरली. निधीसाठी लेखकांच्या पाककृतींचं पुस्तकसुद्धा निघालं. 2014 मध्ये शवागार उघडलं आणि त्याला व्हॅल मॅक्डर्मिड या लेखिकेचं नाव लागलं. विच्छेदनाच्या खोलीला स्टुअर्ट मॅक्ब्राइड या लेखकाचं.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. या लेखकांच्या पुस्तकांत पहिल्या प्रकरणात प्रेत सापडतं. ते प्रेत कागदी असतं, त्याच्यावर त्यांचं घर चालतं. ज्या शास्त्रज्ञांना रात्री-अपरात्री फोन करून ते विचारतात की बुडालेलं शरीर किती दिवसांनी वर येतं, त्यांचं देणं त्यांनी खऱ्या मृतांच्या सोयीसाठी फेडलं. शवागारावर नाव लागणं यात मिरवण्यासारखं काय, असं आपल्याकडे कोणीही म्हणेल. अशुभच मानतील. मला मात्र कुठल्याही सभागृहावरच्या नावापेक्षा ते नाव मोठं वाटतं.

आता कर्कॉडी. फोर्थच्या खाडीकाठचं, फाइफ परगण्यातलं जुनं गाव. अर्थशास्त्राचा पाया घालणारे अ‍ॅडम स्मिथ इथले. एके काळी इथे लिनोलियम या जमिनीवर अंथरायच्या आवरणाचे कारखाने होते, जवसाच्या तेलाचा वास गावभर असे. आसपास कोळशाच्या खाणी. मॅक्डर्मिड यांचा जन्म इथला, 1955 चा. त्या लहान असताना कुटुंब गावच्या मुख्य ग्रंथालयासमोर राहायला गेलं आणि आपण लेखिका झालो त्याचं श्रेय त्या आजही त्या ग्रंथालयाला देतात. मोठ्यांची पुस्तकं मुलांना मिळत नसत, म्हणून आई आजारी आहे असं सांगून त्या आईच्या कार्डावर रहस्यकथा नेत. आमच्या टेबलामागच्या कपाटाची आठवण मला इथे हटकून होते.

या गावचा फुटबॉल क्लब म्हणजे रेथ रोव्हर्स, स्थापना 1883. मोठ्या क्लबांच्या मानाने चिमुकला. 1994 साली त्यांनी सेल्टिकसारख्या बलाढ्य संघाला हरवून लीग कप जिंकला, त्याच्या आठवणी गाव अजून काढतं. मॅक्डर्मिड यांचे वडील या क्लबसाठी होतकरू पोरं हेरून आणत. जिम बॅक्स्टर हा पुढे स्कॉटलंडचा लाडका झालेला खेळाडू त्यांनीच शोधला. लेखिकेला नाव आणि पैसा मिळाल्यावर त्यांनी क्लबला हात दिला. स्टार्क्स पार्क या मैदानावरच्या एका स्टँडला मॅक्डर्मिड हे नाव लागलं, खेळाडूंच्या जर्सीवर त्यांचं नाव आलं. गुन्हेकथा लिहिणाऱ्या बाईचं नाव छातीवर घेऊन गावची पोरं शनिवारी मैदानात उतरत. आपल्याकडे एखाद्या कबड्डी संघाच्या बनियनवर लेखकाचं नाव कोणी पाहिलं आहे का?

31 जानेवारी 2022 ला क्लबने एका खेळाडूशी करार केला. 2011 साली एका स्त्रीने त्याच्यावर आणि त्याच्या एका सहकाऱ्यावर बलात्काराची तक्रार केली होती. पुरावा पुरेसा नाही म्हणून फौजदारी खटला उभा राहिला नाही. ती बाई हटली नाही. तिने दिवाणी दावा लावला, आणि 2017 मध्ये न्यायाधीशांनी निर्णय दिला की या दोघांनी तिच्यावर बलात्कार केला. तिला 1 लाख पौंड भरपाई मंजूर झाली. हे सगळं क्लबला ठाऊक होतं. तरीही हा खेळापुरता निर्णय आहे, असं क्लबने जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅक्डर्मिड यांनी सांगून टाकलं की आयुष्यभराची साथ इथे संपली, पुढच्या हंगामाचं जर्सीचं प्रायोजकत्व रद्द. महिला संघाच्या कर्णधाराने संघ सोडला. दोन संचालकांनी राजीनामे दिले. याच गावात वाढलेले आणि याच क्लबचे पाठीराखे असलेले माजी पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनीही जाहीर निषेध केला. करार झाल्यापासून तिसऱ्याच दिवशी क्लबच्या अध्यक्षांनी माफी मागितली आणि तो खेळाडू संघात उतरणार नाही असं सांगितलं. महिला संघ मात्र क्लबपासून वेगळाच झाला. त्यांनी आपल्या संघाचं नाव ठेवलं मॅक्डर्मिड लेडीज.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. वडिलांच्या आठवणीचा स्टँड, लहानपणापासूनचा संघ, जर्सीवरचं स्वतःचं नाव, एवढं सगळं एका सकाळी सोडणं सोपं नसतं. आपण म्हणतो, माहेर तुटलं. तसंच ते. पण गाव सुटलं नाही. क्लब म्हणजे गाव नव्हे, हे त्या मुलींनी आपल्या संघाला तिचं नाव देऊन दाखवलं. तिने क्लबच्या जर्सीवरून नाव काढलं आणि गावच्या पोरींनी ते उचलून आपल्या जर्सीवर लावलं.

यावर घेतले जाणारे आक्षेप मी ऐकले आहेत, आमच्या कट्ट्यावरही ऐकले. पहिला, लेखकाने लिहावं, या भानगडीत पडू नये. त्याला मी उत्तर देत बसत नाही. वर्गणी देताना, रिबीन कापताना लेखक चालतो आणि प्रश्न विचारताना चालत नाही, असं कसं?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दिवाणी कोर्टातला पुरावा फौजदारीइतका कडक लागत नाही. मग त्या निर्णयावर एखाद्याची रोजीरोटी जन्मभर हिरावून घ्यायची का? हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. शिक्षा भोगलेल्या माणसालासुद्धा पोट असतं, आणि समाजाने त्याला काम मिळू दिलं पाहिजे असं मी मानतो. पण गावच्या संघात गोल मारणारा खेळाडू नुसता पगारी कामगार नसतो. पोरं त्याच्या नावाचा गजर करतात, त्याच्यासारखी केशरचना करतात. तो मान आहे. मान देणं हे समाजाच्या मर्जीवर असतं, तो कोणाचा हक्क नाही. शिवाय त्या बाईला कोर्टाने न्याय दिला, तो सहा वर्षांच्या झगड्यानंतर. मग गावाने गर्दी जमवून टाळ्या वाजवायच्या म्हटल्यावर त्या न्यायाचं काय उरलं?

तिसरा आक्षेप मला सगळ्यात अवघड वाटतो, कारण तो आपल्या इथल्या अनुभवातून येतो. पैसे देणारा म्हणेल तसं संस्थेने वागायचं, ही चाल एकदा पडली तर उद्या वाईट माणूसही तीच चावी फिरवेल. किती मंडळं, किती शाळा देणगीदाराच्या मुठीत गेल्या ते आपण पाहतो. ही भीती खरी आहे. पण इथे काय झालं ते नीट पाहावं. संघात कोण खेळावं हे ठरवायचा हक्क लेखिकेने मागितला नाही. आपलं नाव कोणाच्या छातीवर असावं, एवढंच तिने ठरवलं. संस्थेवर हुकमत गाजवणारा देणगीदार आत राहून हुकूम सोडतो. ही बाई बाहेर पडली. आणि ती एकटी नव्हती. संचालक, कर्णधार, सामान्य पाठीराखे सगळेच उठले. एकट्या पैशाने क्लब नमला असता तर मलाही ते टोचलं असतं.

आत राहून समजूत घालावी, असंही म्हणतात. जरूर घालावी, कान उघडे असतील तोवर. पण जर्सीवरचं नाव दर शनिवारी बोलत असतं. तुम्ही आत बसून कितीही विरोध नोंदवा, मैदानातल्या पोराला दिसतो तो तुमचा पाठिंबाच.

आणि मला असं वाटतं की ही जबाबदारी इतर लेखकांपेक्षा गुन्हेकथा लिहिणाऱ्यावर जास्त आहे. कवीने घेतली नाही तर मी कवीला एकदा माफ करीन. रहस्यकथाकाराचा धंदाच हिंसेवर चालतो. किती कादंबऱ्यांची सुरुवात बाईच्या प्रेताने होते ते आमच्या कपाटात मोजून पाहा. ती वाचताना आपल्याला आवडतात, मलाही आवडतात, कारण शेवटी गुन्हेगार सापडतो, झाकलेलं उघडं पडतं. वाचकाला पानापानावर हे वचन देणारा लेखक खऱ्या गावात, खऱ्या बाईच्या बाबतीत तोंड फिरवून बसला तर त्याच्या कथेतला न्याय खोटा पडतो.

हे मी इतक्या पोटतिडकीने का लिहितो आहे ते सांगणं भाग आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेला आम्ही एका रहस्यकथाकाराला बोलावलं. माझाच आग्रह होता. त्या वर्षीचा मुख्य प्रायोजक गावातला एक व्यापारी. फ्लेक्सवर लेखकाच्या फोटोशेजारी त्याचा फोटो, लेखकापेक्षा मोठा. कार्यक्रमाच्या आठ-दहा दिवस आधी त्याच्या दुकानात कामाला असलेल्या एका बाईने त्याच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. तक्रार कशाची ते गावाला कळायला वेळ लागला नाही. कार्यकारिणीची तातडीची बैठक झाली. कोर्टात काय व्हायचं ते होईल, असं ठरलं. फ्लेक्स छापून आले आहेत, चहा-नाश्त्याचा आगाऊ दिलाय, पाहुण्यांचं तिकीट काढलंय. मी त्या बैठकीला होतो. इतिवृत्तावर माझी सही आहे. मी एक शब्द बोललो नाही.

कार्यक्रम झाला. पाहुण्यांना शाल-श्रीफळ त्या प्रायोजकाच्याच हस्ते दिलं गेलं. लेखक मनापासून बोलले, गुन्हा कसा माणसाच्या आत रुजतो यावर बोलले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि सात वाजताच्या एसटीने ते निघून गेले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. आम्ही कळू दिलं नाही. ते वर्षातून चार वेळा आमच्या गावी येणारे, वाचनालयात बसून मुलांशी बोलणारे, चहाच्या टपरीवर ओळखीचे असते, तर स्टँडवर उतरल्या उतरल्या त्यांना कोणीतरी सांगितलं असतं. दोन तासांच्या पाहुण्याला कोण काय सांगणार?

ती बाई आमची वर्गणीदार होती. दर पंधरा दिवसांनी यायची, टेबलामागच्या कपाटातली दोन पुस्तकं घेऊन जायची. कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात तिने पुस्तकं परत केली. त्यानंतर ती आली नाही. तिची 200 रुपयांची अनामत अजून आमच्या रजिस्टरात जमा दिसते. दरवर्षी हिशेब तपासताना तो आकडा समोर येतो.

म्हणून मला शाल-श्रीफळाचा रहस्यकथाकार नको आहे. महाराष्ट्रात सरकारी अनुदान घेणारी सार्वजनिक ग्रंथालयंच हजारोंच्या संख्येने आहेत. 1967 च्या कायद्याने त्यांना आधार दिला, पण त्यांची व्याख्यानं आजही त्याच त्या ठरलेल्या माणसांसाठी होतात. रहस्यकथाकाराकडे तो वाचक आहे जो आमच्या सभागृहात पाऊल ठेवत नाही. त्या लेखकाने एखादं वाचनालय, एखादं गाव आपलं म्हणावं. महिन्यातून एकदा यावं. एसटीच्या वाहकाला आणि शिवणाऱ्या बहिणींना समोर बसवून नव्या गोष्टीचं पहिलं प्रकरण वाचून दाखवावं. पोलीस पाटील, जिल्हा रुग्णालयातला शवविच्छेदन करणारा डॉक्टर, महिला दक्षता समितीतली एखादी कार्यकर्ती यांना बोलतं करावं; कथेसाठी हे प्रश्न तो एरवी विचारतोच, ते गावासमोर विचारावेत. देहदानाचा अर्ज भरून घ्यायचा कार्यक्रम असेल तर त्याच्याइतका योग्य माणूस नाही. आणि संस्थेने नाव वापरायच्या आधी त्याने विचारावं, माझ्या शेजारी फ्लेक्सवर कोण आहे?

संस्थेनेही त्याला हे विचारू द्यावं. आमच्याकडे निमंत्रणाच्या पत्रात प्रवासखर्च, मानधन, मुक्कामाची सोय असं सगळं लिहितात. प्रायोजक कोण ते लिहीत नाहीत. ते लिहिलं पाहिजे, आणि पुढे हेही की पाहुण्यांना कारण सांगून नाव मागे घेता येईल, त्यासाठी संस्था रुसणार नाही. एवढ्याने प्रायोजक पळून जातील असं खजिनदार म्हणतात. काही जातील. त्या वर्षी फ्लेक्स लहान लावू, चहाबरोबर नुसती बिस्किटं देऊ.

येत्या रविवारी कार्यकारिणीची सभा आहे. मी दोन ठराव दिले आहेत. रहस्यकथांचं कपाट दर्शनी भागात आणावं, हा एक. निमंत्रणपत्रात वरची दोन वाक्यं घालावीत, हा दुसरा. पहिल्याला तिघांनी अनुमोदन देऊ केलं आहे. दुसऱ्याच्या कागदावर सूचक म्हणून माझं नाव आहे, अनुमोदकाची जागा अजून रिकामी आहे. सभेच्या आधी त्या बाईच्या घरी जाऊन यायचं मी ठरवलं आहे, रजिस्टरातले 200 रुपये आणि पावती घेऊन.